धूर छातीत, कळ पोटरीत

प्रश्न : आम्ही सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात राहतो. धानाची शेती आहे. बाबांचं वय बासष्ट. मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढतात, दिवसाला एक कट्टा तरी लागतोच. गेली काही वर्षं दमा आहे. यंदा रोवणीच्या दिवसांत बांधीकडे चालत जाताना ते अर्ध्या वाटेत थांबायला लागले. आम्हाला वाटलं दम लागतो. पण ते म्हणतात, पोटरीत कळ येते, दोन मिनिटं उभं राहिलं की जाते. ब्रह्मपुरीला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळीत फुंकायला लावून तपासलं आणि सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, आहे म्हणाले. मग ईसीजी काढला, आणि वर पायाच्या घोट्याला बीपीचा पट्टा बांधून दाब मोजला. ‘रक्तवाहिन्याही खराब झाल्यात, बिडी आजच बंद,’ असं सांगितलं. धूर तर छातीत जातो, पायाच्या नसांशी त्याचा काय संबंध? आईनं तर जन्मात बिडीला हात लावला नाही, तरी तिलाही तसाच दम लागतो. तिचीही तपासणी करायची का? आणि बाबा विचारतात, आता या वयात सोडून काय उपयोग?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : आधी पोटरीबद्दल बोलू, कारण तुमच्या बाबांनी आपलं दुखणं नेमकं सांगितलं आहे आणि तुम्ही सगळ्यांनी ते दम्याच्या खात्यावर टाकलं. चाललं की कळ, थांबलं की बंद, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा कळ. ही स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण आहे. चालताना पोटरीला बसल्यापेक्षा कितीतरी पट जास्त रक्त लागतं. धमनी आतून अरुंद झाली असेल तर बसल्या जागी भागतं, चालायला लागलं की तुटवडा पडतो. लक्ष देऊन पाहिलं तर दोन थांबण्यांतला फरक घरच्यांनाही कळतो. दम लागून थांबणारा माणूस पुढे वाकतो, गुडघ्यावर हात टेकतो, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडतो. पोटरीसाठी थांबणारा नुसता उभा राहतो आणि पाय चोळतो.

घोट्याच्या पट्ट्याचं गणित सोपं आहे. घोट्यातल्या दाबाला दंडातल्या दाबानं भागतात. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास किंवा थोडं वर येतं. ते ०.९ किंवा त्याहून खाली आलं की पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं धरतात. त्याला लागतं काय, तर बीपीचा पट्टा आणि मुठीत मावेल एवढं, रक्ताचा प्रवाह ऐकवणारं डॉप्लर यंत्र. तरीही ही तपासणी फार कमी ठिकाणी होते. दम्याच्या पेशंटच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायचा, पंप लिहून द्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची, अशी आपल्याकडची रीत झाली आहे. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून नाडी चाचपायला अर्धं मिनिट पुरतं, पण त्यासाठी पेशंटला चप्पल काढायला सांगावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी ते केलं. त्यांना सोडू नका.

आता धूर पायापर्यंत पोचतो कसा ते पाहू. फुप्फुसातले हवेचे कप्पे आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायूची ये-जा सहज व्हावी म्हणून तो तसा आहे, पण त्याच वाटेनं निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातली कितीतरी उपद्रवी रसायनंही रक्तात उतरतात. अंगातलं रक्त साधारण पाच लिटर, आणि तेवढं रक्त स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटाभरात एकदा फुप्फुसातून फिरून येतं. बाबांनी बांधावर बसून मारलेला झुरका बिडी विझायच्या आत पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचलेला असतो.

तो पहिल्यांदा भिडतो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. शरीरातल्या सगळ्या रक्तवाहिन्यांना, मेंदूपासून तळपायापर्यंत, ते आतून लावलेलं आहे. फार काळ डॉक्टरमंडळी त्याला नुसतं आवरण समजत होती. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन त्यांवर औषधांचा परिणाम पाहत असत. असिटिलकोलिन नावाचं द्रव्य घातलं की धमनी कधी आकसायची, कधी सैल पडायची, आणि असं का होतं ते उमगत नव्हतं. शेवटी लक्षात आलं की तुकडा कापताना आतली बाजू घासली गेली की अस्तर निघून जातं आणि मग धमनी आकसते. अस्तर शाबूत असलं तर ती सैल पडते. म्हणजे धमनीच्या स्नायूला ‘ढिला हो’ असा निरोप हे अस्तरच देत होतं. १९८० साली फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाड्झ्की यांनी हे छापलं. निरोप नेणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला. तो तयार होतो आणि काही सेकंदांत संपतो. १९९८चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना याच कामासाठी मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात हाच वायू मोकळा करते. तिच्या कुळातलं जुनं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन, ज्यापासून आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट बनवलं. त्याच नोबेलला उतारवयात छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं!

बिडीचा धूर या निरोपाचा घात करतो. धुरातले फ्री रॅडिकल्स नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठून निकामी करतात, आणि अस्तराची तो बनवण्याची ताकदही कमी होते. मग धमनी गरज असतानाही पुरेशी रुंदावत नाही. अस्तराचं आणखी एक काम असतं, आत रक्त गोठू न देण्याचं. तेही ढेपाळतं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात, अस्तराखाली चरबी साचायला सुरुवात होते, आणि वर्षानुवर्षांनी तिचा फुगवटा होतो. पोटरीला तो फुगवटा आला की कळ, हृदयाला आला की झटका, मेंदूला आला की लकवा.

हा बिघाड माणसाच्या दंडावर मोजता येतो. सोनोग्राफीनं दंडातल्या धमनीचा व्यास पाहून ठेवायचा. मग हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि एकदम सोडायचं. रक्ताचा लोंढा आला की निरोगी अस्तर धमनीला रुंद करतं. डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली २०० जणांमध्ये हे मोजलं. त्यांपैकी कुणालाही तोवर कसला आजार नव्हता. कधीच न ओढणाऱ्यांची धमनी सरासरी १० टक्क्यांनी रुंदावली, ओढणाऱ्यांची फक्त ४ टक्क्यांनी. काहींची तर जागची हललीही नाही. त्याच माणसांना नायट्रोग्लिसरीन दिलं तर सगळ्यांच्या धमन्या सारख्याच उघडल्या. याचा अर्थ स्नायू धडधाकट होता, निरोप देणारं अस्तर बिघडलं होतं. खोकला नाही, दम नाही, कसली तक्रार नाही, अशा वयातच हे सुरू होतं. बाबांच्या बाबतीत ते केव्हा सुरू झालं असेल याचा हिशेब तुम्ही करू शकता.

यावर तुम्ही विचाराल, हे बिडी ओढणाऱ्या सगळ्यांनाच होतं, तर मग सीओपीडीचा वेगळा वाटा कोणता? एडिंबरातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये सीओपीडीच्या पेशंटची तुलना तेवढीच सिगरेट ओढलेल्या, पण फुप्फुस ठीक असलेल्या माणसांशी केली. अस्तराचं काम दोन्हीकडे सारखंच निघालं, मात्र पेशंटच्या धमन्या जास्त ताठर होत्या. इतर काही अभ्यासांत, फुप्फुस जितकं खराब तितकं अस्तरही खराब, असं दिसलं आहे. ताठरपणाबद्दल मात्र बहुतेकांचं एकमत आहे, आणि त्याचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रोचक वाटतं. आपल्या फुप्फुसाला फुगून पुन्हा मिटता येतं ते इलॅस्टिन नावाच्या प्रथिनामुळे. मोठ्या धमन्यांना प्रत्येक ठोक्यासरशी ताणून पुन्हा जागेवर येता येतं तेही इलॅस्टिनमुळेच, आणि कातडी तुकतुकीत राहते तीही त्यामुळेच. धुरानं चिडलेल्या पांढऱ्या पेशी इलॅस्टिन खाऊन टाकणारी विकरं सोडतात. फुप्फुसात कप्प्यांच्या भिंती फाटतात. त्याच माणसाच्या धमन्या उन्हात पडून राहिलेल्या सायकलच्या ट्यूबसारख्या कडक होतात, आणि चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं पडतं. ज्यांचं फुप्फुस जास्त फाटलेलं, त्यांच्या धमन्या जास्त ताठर आणि कातडीतलं इलॅस्टिनही जास्त झिजलेलं, असं मोजून पाहिलेलं आहे. ताठर धमनीत रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात फुप्फुसाची सूज रक्तात उतरते, प्राणवायू कमी पडतो, आणि दम लागतो म्हणून माणूस चालायचं सोडतो. हे सगळं मिळून रक्तवाहिन्यांवर येतं.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. थंडीत छाती भरली, बेडका हिरवा झाला, दम वाढला, म्हणजे सीओपीडी उसळला, की पुढच्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पहिल्या पाच दिवसांत तो दुपटीहून जास्त दिसला. त्या दिवसांत छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, थंड घाम, यांपैकी काही झालं तर ‘दमाच आहे’ म्हणून घरी थांबू नका.

बिडी सिगरेटपेक्षा हलकी, पानात गुंडाळलेली, जंगलातली, म्हणून कमी घातक, असं तुमच्या भागात सर्रास ऐकू येतं. तेंदूपत्ता तुम्हाला मी काय सांगणार! एप्रिल-मे महिन्यांत पहाटे वाघाच्या भीतीनं घोळक्यानं जंगलात शिरायचं, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वर्षभराचं तिखट-मीठ त्यावर निघतं. बिडीची खोड मात्र या पानातच आहे. ते जाड असतं, कागदासारखी हवा आत घेत नाही. त्यामुळे बिडी ओढत राहिलं नाही तर विझते. ती पेटती ठेवायला माणूस जास्त वेळा आणि जास्त खोल झुरके घेतो. आत तंबाखू कमी असूनही निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटच्या बरोबरीनं, कधी जास्तच, अंगात जातं. मुंबईत सुमारे एक लाख लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जे आकडे दिले, त्यांत तंबाखू न वापरणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत ३७ टक्क्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी जास्त होतं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासातही नुसती बिडी ओढणाऱ्यांना हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला.

पायांचा आणखी एक आजार इथे सांगायलाच हवा, कारण तो शेतात राबणाऱ्या तरुण बिडीवाल्यांना गाठतो. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरानं १९०८ मध्ये त्याचं बारकाईनं वर्णन केलं, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. हातापायांच्या लहान धमन्या सुजतात आणि आत रक्त गोठून बंद पडतात. तिशी-पस्तिशीतल्या माणसाचं पाऊल गार पडतं, रात्री झोपू देत नाही इतकं ठणकतं, मग अंगठ्याचं टोक काळं पडतं. तंबाखू न वापरणाऱ्यात हा आजार जवळजवळ सापडत नाही. तंबाखू पूर्ण सोडली तर तो बहुधा तिथेच थांबतो, दिवसाला एक-दोन बिड्या चालू ठेवल्या तरी बोट, पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, अशी कापाकापी होत जाते. बाबांचं वय पाहता त्यांना हा नसावा. पण गावात कुणाचं बोट ‘काटा लागून’ महिनोन्‌महिने भरत नसेल, आणि त्याच्या कानावर बिडी खोचलेली असेल, तर त्याला मलमपट्टीत अडकू देऊ नका.

आता तुमच्या आईकडे येतो. सीओपीडी म्हणजे बिडीवाल्याचा आजार ही समजूत आपल्या देशात कधीच खरी नव्हती. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी पाठक यांच्यासोबत १९५९ मध्ये दिल्लीतल्या १२७ पेशंटवर लेख लिहिला. फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेले हे पेशंट होते. धूम्रपान करणाऱ्या बायका मोजक्याच, तरी हा आजार बायकांत पुरुषांइतकाच आढळत होता, तोही कमी वयात. पद्मावतींनी बोट ठेवलं ते शेणी-लाकडांच्या चुलीवर. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेले डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये पीटर बार्न्स यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये हाच मुद्दा जगासमोर ठेवला. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, आणि चुलीच्या धुरात राहणारे त्याच्या तिप्पट.

फुप्फुसापासून हृदय कसं थकतं, तेही थोडक्यात सांगतो. अंगातल्या इतर रक्तवाहिन्या प्राणवायू कमी पडला की रुंदावतात. फुप्फुसातल्या मात्र उलट आकसतात, म्हणजे हवा न पोचणाऱ्या भागात रक्त वाया जाऊ नये. स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये हे मांजरांत दाखवलं. सोय चांगलीच आहे, पण सगळं फुप्फुसच खराब झालं की सगळीकडच्या वाहिन्या आकसून बसतात, त्यांच्या भिंती जाड होतात, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला अडलेल्या वाटेनं रक्त ढकलत राहावं लागतं. संध्याकाळी दोन्ही पाय सुजणं, दाबलं की खड्डा राहणं, मानेच्या शिरा फुगणं, ही त्याची चिन्हं. आईला यांतलं काही आहे का, पाहा.

चुलीचा धूर बाकीच्या रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. ग्वाटेमालात धुराडं असलेली चूल दिलेल्या बायकांचा खालचा रक्तदाब उघड्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांपेक्षा सरासरी ३ अंकांनी कमी आढळला. नंतरच्या सगळ्या चाचण्यांत इतका फरक दिसला नाही, म्हणून गॅस आला की बीपी उतरेल असं वचन मी देणार नाही. आईला बाबांच्या बिडीच्या धुराचाही वाटा मिळाला आहे. सेलरमायर यांच्याच गटानं १९९६ मध्ये स्वतः न ओढणारे, पण रोज तासभर तरी इतरांच्या धुरात बसणारे तरुण तपासले. त्यांचं अस्तर ओढणाऱ्यांच्या बरोबरीनं बिघडलेलं निघालं. तेव्हा आईचीही फुंकायची तपासणी करा, बीपी आणि ईसीजी करा. गॅस घरात असूनही भात आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होतं, हे मला ठाऊक आहे. सिलिंडरचे पैसे आणि फुकटचं सरपण यांच्यात सरपणच जिंकतं. निदान चूल पडवीत आणा आणि नातवंडांना तिच्यापाशी बसवू नका.

राहिला बाबांचा प्रश्न. उपयोग आहे, आणि तो फुप्फुसापेक्षा रक्तवाहिन्यांना लवकर होतो. हीच गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसावी. फाटलेले कप्पे परत शिवता येत नाहीत; बिडी सोडली तर पुढची झीज मंदावते, एवढंच. अस्तर मात्र जिवंत आहे, ते स्वतःला दुरुस्त करतं. बिडी सोडल्यावर दिवसभरात रक्तातला बहुतेक कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. अमेरिकेत सिगरेट सोडू पाहणाऱ्या दीड हजार जणांमध्ये, ज्यांना वर्षभर सोडून राहता आलं त्यांची दंडाची धमनी पूर्वीपेक्षा जास्त रुंदावू लागली. ६.२ टक्क्यांवरून ७.२. आकडा लहान दिसतो, पण वर्षानुवर्षांचं दुखणं एका वर्षात मागे फिरायला लागलं हेच मोठं आहे. ‘इंटरहार्ट’मध्ये झटक्याचा धोका ओढणाऱ्यांत जवळपास तिप्पट होता, सोडून तीन वर्षं होईपर्यंत तो दुपटीच्याही खाली आला.

‘कमी करतो’ हे उत्तर घेऊ नका. थोड्या धुरानंही अस्तर बिघडतं, अर्धा कट्टा म्हणजे अर्धा धोका असा हिशेब इथे लागत नाही. तलफ नुसत्या निश्चयानं जात नाही, म्हणून निकोटीनचा च्युइंगगम किंवा गोळ्या डॉक्टरांकडून मागून घ्या. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन आहे, तोही लावा. आणि पोटरीसाठी चालणं हेच औषध आहे. कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं, रोज अर्धा-पाऊण तास. काही आठवड्यांत थांबायचं झाड पुढे सरकतं. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या दम्याच्या नाहीत म्हणून मध्येच बंद करू नका.

प्रश्न : आमच्याकडे बिडी ओढणारे कमी, खर्रा खाणारे घरोघर. त्यात धूर नाही, मग रक्तवाहिन्या तरी वाचतात ना?
— एक वाचक, गडचिरोली

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि २४.४ टक्के धूररहित तंबाखू घेत होते. तुमच्या जिल्ह्यात टपरीवर प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटण्याचा आवाज सकाळपासून सुरू असतो. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसायचं तर खिशात दोन पुड्या हव्यातच.

खर्‍यात कार्बन मोनॉक्साइड नाही, जळण्यातून निघणारी रसायनं नाहीत, आणि फुप्फुस त्यातून सुटतं. पण निकोटीन भरपूर असतं, चुन्यामुळे ते गालातून झपाट्यानं रक्तात जातं आणि नाडी-बीपी वाढवतं. ‘इंटरहार्ट’मध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून थोडा जास्त, आणि दोन्ही करणाऱ्यांना चौपट आढळला. बिडी सोडण्यासाठी खर्रा धरणारे बरेच भेटतात. त्यांचं बहुधा दोन्ही चालू राहतं. तोंडाच्या कॅन्सरचा विषय मी इथे काढतच नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं शासनाबरोबर २०१६ पासून तुमच्या जिल्ह्यात दारू-तंबाखूमुक्तीचा ‘मुक्तिपथ’ कार्यक्रम चालवला, त्याची तालुक्यातली माणसं शोधा.

तुमच्या पट्ट्यात सिकलसेलची घरं बरीच आहेत. त्या आजारात फुटलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन मोकळं होऊन नायट्रिक ऑक्साइड गिळतं, म्हणजे अस्तराचं नुकसान आधीच झालेलं असतं. अशा माणसानं कुठलीच तंबाखू घेऊ नये, शेजारी बसून कुणाच्या बिडीचा धूरही घेऊ नये.

प्रश्न : आशाताईंनी बोटाला चिमटा लावून पाहिलं, आजोबांचा ऑक्सिजन ९६ आला. ते म्हणतात, बिडीनं काही झालेलं नाही. खरं का?
— एक वाचक, मूल

उत्तर : आजोबांनी बिडी ओढून किती वेळानं बोट पुढे केलं होतं, ते विचारा. साधा चिमटा रक्तात प्रकाश सोडून त्याचा रंग वाचतो. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटला की त्याचा रंग प्राणवायू चिकटल्यासारखाच लाल दिसतो, आणि यंत्र दोन्ही एकाच खात्यात मोजतं. भरपूर ओढणाऱ्यांत दहाएक टक्के हिमोग्लोबिन या विषारी वायूनं अडवलेलं असू शकतं. यंत्र ९६ दाखवत असताना खरा प्राणवायू त्याहून बराच कमी असू शकतो. शिवाय चिमटा धमनी किती ताठर आहे, आतून किती बुजली आहे, यातलं काहीच सांगत नाही. आकडा कमी आला तर धावायचं, चांगला आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, एवढाच त्याचा उपयोग.

हाच आकडा विश्रांतीत सतत ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर डॉक्टर रक्ततपासणीनं खात्री करून घरी ऑक्सिजन सुचवतात. रोज पंधरा तास तरी तो लावला तर अशा पेशंटचं आयुष्य वाढतं, हे १९८०-८१च्या दोन चाचण्यांनी दाखवलं. मशीन घरी आलं तर त्या खोलीत बिडी, चूल, उदबत्ती काहीही पेटवू नका. नाकात ऑक्सिजनची नळी असताना काडी ओढून तोंड भाजलेले पेशंट रुग्णालयात येत असतात.